न्यूट्रॉन आणि अणुकेंद्रक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचं म्हटलं की मुलांबरोबर पालकही प्रश्न घेऊन येतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचं (बीएआरसी) ट्रॉम्बे शेजारीच, त्यामुळे ‘अणू’ हा शब्द इथे घरातलाच. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. केंद्रकाच्या जगात कुठलीही घटना घडेल की नाही हे ठरवायचं असेल, तर आधी वस्तुमानाचा हिशेब मांडायचा. आधीचं वस्तुमान नंतरच्यापेक्षा जास्त असेल तर घटना परवडते, कमी असेल तर बाहेरून ऊर्जा दिल्याशिवाय ती होणारच नाही. वस्तुमान आणि ऊर्जा एकमेकांत बदलतात, म्हणून हा हिशेब दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेच्या एककात करतात. पुढे त्याला एमईव्ही म्हणू.

न्यूट्रॉन म्हणजे नेमकं काय?

केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला असणारा, प्रभार नसलेला कण. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८.२७ एमईव्ही, न्यूट्रॉनचं ९३९.५७. फरक जेमतेम १.३ एमईव्हीचा, म्हणून शाळेच्या पुस्तकात दोन्ही ‘सारखेच’ लिहितात. एरवी चालतं, पण हा १.३ लक्षात ठेवा, त्याच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

न्यूट्रॉन मूलभूत कण नाही. त्यात एक अप आणि दोन डाउन क्वार्क असतात, प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन. प्रभारांची बेरीज शून्य येत असली तरी न्यूट्रॉन छोटंसं चुंबक असतो. आतमध्ये प्रभारवाले भाग आहेत, याची ती खूणच.

प्रभारच नाही, मग हा सापडला कसा?

माझा सगळ्यांत आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

१९३० साली जर्मनीत बोटे आणि बेकर यांना दिसलं, की बेरिलियमवर अल्फा कणांचा (म्हणजे हेलियमच्या केंद्रकांचा) मारा केला तर त्यातून एक जबरदस्त भेदक किरण बाहेर पडतो. प्रभार नाही आणि शिशातूनही आरपार जातो, तेव्हा हा गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच फार जास्त ऊर्जेचा प्रकार, असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसला इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी या किरणाच्या वाटेत पॅराफिन मेण ठेवलं. मेणात हायड्रोजन भरपूर. त्यातून प्रोटॉन सुसाट बाहेर आले. त्यांनीही गॅमाच म्हटलं.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविकना हे पटेना. त्यांचे गुरू रदरफर्ड यांनी १९२० मध्येच एखादा प्रभारहीन कण असावा असं बोलून ठेवलं होतं. शिवाय हिशेब जुळत नव्हता. प्रोटॉनला तेवढा धक्का द्यायचा तर गॅमाची ऊर्जा पन्नास एमईव्हीच्या पुढे हवी, आणि बेरिलियममध्ये अल्फा शिरला तर तेवढी ऊर्जा सुटूच शकत नाही. त्यातून मेणाऐवजी नायट्रोजन ठेवला की गॅमाची लागणारी ऊर्जा आणखीच वाढायची. लक्ष्य बदललं म्हणून किरणाची ऊर्जा बदलते, हे कसं चालेल?

मग चॅडविकनी सरळ टकरीचं गणित केलं. ते आपल्यालाही करता येतं. कॅरमवर एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर आदळली की पहिली थांबते आणि दुसरी जवळजवळ त्याच वेगाने निघते. तीच सोंगटी चौकटीवर आदळली तर तशीच परत येते. धक्का खाणाऱ्याला किती वेग मिळाला यावरून धक्का देणारा किती जड ते कळतं. चॅडविकच्या मोजणीत प्रोटॉन सेकंदाला जास्तीत जास्त ३३,००० किलोमीटर वेगाने उडत होते आणि नायट्रोजनची केंद्रकं ४,७०० किलोमीटर वेगाने. येणाऱ्या कणाचं वस्तुमान एम धरलं तर या दोन वेगांचं गुणोत्तर (एम + १४) भागिले (एम + १) इतकं असायला हवं. ३३,००० भागिले ४,७०० म्हणजे साधारण ७. समीकरण सोडवा, एम येतो १.१६ च्या आसपास. म्हणजे कण प्रोटॉनच्याच वजनाचा, फक्त बिनप्रभाराचा. वेगांच्या मोजणीतली कसर धरली तर उत्तर अगदी ठीक आहे. फेब्रुवारी १९३२ मध्ये चॅडविकनी छोटंसं पत्र छापायला दिलं आणि १९३५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

एवढा मोठा शोध आणि गणित दहावीचं. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरचेही वही उघडतात.

त्याआधी केंद्रकात काय असतं असं वाटायचं?

प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. नायट्रोजनचं वस्तुमान १४ आणि प्रभार ७, म्हणून १४ प्रोटॉन आणि त्यांतल्या सातांचा प्रभार मारायला ७ इलेक्ट्रॉन, असं सोयीचं चित्र होतं.

ते कोसळायला दोन भारतीयांचं काम कारणी लागलं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. १९२८ मध्ये कोलकात्यात रामन यांचा परिणाम सापडला. पुढच्याच वर्षी इटालियन शास्त्रज्ञ फ्रँको रासेटी यांनी नायट्रोजन वायूचा रामन वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा एकाआड एक ठळक-फिक्या होत्या, आणि कुठल्या ठळक यावरून नायट्रोजनचं केंद्रक बोस सांख्यिकी, म्हणजे सत्येंद्रनाथ बोस यांनी मांडलेले कणांच्या मोजणीचे नियम, पाळतं हे उघड झालं. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन या सगळ्यांचा स्पिन (अंगभूत फिरकी) अर्धा, आणि अशा कणांची संख्या सम असेल तरच असं होतं. १४ अधिक ७ म्हणजे २१, विषम! जुनं चित्र तिथेच बाद. ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन धरले तर १४ कण, सम. न्यूट्रॉन सापडल्यावर त्याच वर्षी इवानेन्को आणि हायझेनबर्ग यांनी प्रोटॉन-न्यूट्रॉनचं केंद्रक मांडलं. तेच आजचं चित्र.

प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, तरी केंद्रक फुटत का नाही?

ढकलतात, आणि चांगले जोरात. एक फेम्टोमीटर (मीटरच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) अंतरावरच्या दोन प्रोटॉनमधलं विद्युत बल सुमारे २३० न्यूटन येतं. एवढ्या बळात २३ किलोचं पोतं उचललं जाईल, आणि इथे ते दोन प्रोटॉनमध्ये आहे. त्याच्यावर मात करतं ते प्रबल बल. प्रोटॉन-प्रोटॉन, प्रोटॉन-न्यूट्रॉन, न्यूट्रॉन-न्यूट्रॉन या सगळ्यांत ते जवळपास सारखंच असतं, पण त्याचा पल्ला दोन-अडीच फेम्टोमीटरच्या पुढे जात नाही. आणखी जवळ, अर्ध्या फेम्टोमीटरच्या आत गेलं तर ते उलट ढकलायला लागतं. म्हणूनच केंद्रक स्वतःत कोसळत नाही आणि हलकं असो वा जड, त्याची घनता जवळपास तीच राहते: घन सेंटीमीटरला सुमारे २३ कोटी टन.

आता गंमत बघा. प्रबल बल फक्त शेजाऱ्यांपुरतं, विद्युत बल मात्र केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉनच्या जोडीत. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन, म्हणजे ४,१८६ जोड्या एकमेकींना ढकलताहेत. आकर्षण एकूण कणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतं, पण ढकलाढकली वाढते साधारण प्रोटॉनच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. न्यूट्रॉन आकर्षणात भर घालतो आणि ढकलण्यात काहीच घालत नाही. म्हणून कॅल्शियम-४० पर्यंत २० ला २० चालून जातं, पण शिसं-२०८ ला ८२ प्रोटॉनमागे १२६ न्यूट्रॉन लागतात.

मग न्यूट्रॉन भरतच का जाऊ नयेत?

कारण जागा फुकट मिळत नाही. एका ऊर्जापातळीत ठरावीकच न्यूट्रॉन मावतात, पुढच्याला वरची, महागडी पातळी घ्यावी लागते. ती फारच वर गेली की न्यूट्रॉनने प्रोटॉन होऊन खालच्या रिकाम्या पातळीत उतरणं स्वस्त पडतं. हाच बीटा ऱ्हास.

सुटा न्यूट्रॉन पंधरा मिनिटांत संपतो म्हणतात. मग माझ्या शरीरातले न्यूट्रॉन कसे टिकतात?

सुट्या न्यूट्रॉनचा हिशेब: ९३९.५७ मधून प्रोटॉन ९३८.२७ आणि इलेक्ट्रॉन ०.५१ वजा केले, सुमारे ०.७८ एमईव्ही उरले. परवडतं, म्हणून तो सरासरी पंधरा मिनिटांत मोडतो आणि प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो (जवळजवळ वजन नसलेला, बिनप्रभाराचा कण) देऊन जातो.

आता तोच न्यूट्रॉन ड्युटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या केंद्रकात, एका प्रोटॉनच्या सोबतीला ठेवा. दोघे बांधले जाताना २.२२ एमईव्ही बाहेर टाकतात, म्हणून ड्युटेरियमचं वस्तुमान १८७५.६१. इथला न्यूट्रॉन मोडायचा म्हटलं तर उरणार दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, म्हणजे १८७७.०६. जमेपेक्षा खर्च १.४५ ने जास्त! ऱ्हास होणं शक्यच नाही, आज नाही आणि अब्ज वर्षांनीही नाही. शरीरातल्या कार्बन-१२ किंवा ऑक्सिजन-१६ मधल्या न्यूट्रॉनचंही असंच.

नुसत्या न्यूट्रॉनचं केंद्रक असतं का?

दोन न्यूट्रॉन एकत्र बांधले जात नाहीत, अगदी थोडक्यात हुकतं. चार न्यूट्रॉन क्षणभर एकत्र राहिल्याच्या खुणा २०२२ मध्ये जपानमधल्या प्रयोगात दिसल्या, पण तेही टिकाऊ केंद्रक नव्हे. न्यूट्रॉन ताऱ्यात मात्र ते टिकतात, कारण तिथे बांधून ठेवायचं काम गुरुत्वाकर्षण करतं. असे काही तारे पल्सार (ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे) म्हणून दिसतात, आणि त्यांचा अभ्यास नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून होतो.

केंद्रक चित्रातल्यासारखं गोल, लाल-निळ्या मण्यांचा गोळा असतं का?

मण्यांचं चित्र विसरा. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आत शांत बसलेले नसतात, इलेक्ट्रॉनसारखीच त्यांचीही कवचं आणि पातळ्या असतात. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या संख्यांना कवच पूर्ण भरतं आणि केंद्रक जास्त घट्ट होतं. यांना जादुई संख्या म्हणतात. कथलात ५० प्रोटॉन, म्हणून त्याची तब्बल दहा स्थिर समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त). शिसं-२०८ दोन्हीकडून जादुई.

या संख्या का येतात हे बरीच वर्षं कोडं होतं. १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि, त्यांच्याहून स्वतंत्रपणे, जर्मनीत येन्सेन आणि त्यांचे सहकारी, यांनी ते सोडवलं: कण स्वतःभोवती कुठल्या दिशेने फिरतो आणि केंद्रकात कुठल्या दिशेने फिरतो, यांचा प्रबल संबंध धरला की संख्या जशाच्या तशा येतात. मायर आणि येन्सेन यांना १९६३ चं नोबेल मिळालं. त्यांतल्या मायरबाईंना आयुष्याची कित्येक वर्षं विद्यापीठांत बिनपगारी काम करावं लागलं होतं.

भरलेल्या कवचाची केंद्रकं गोल. अधलीमधली बरीचशी लांबट. हे मोजायची एक जागा आपल्या कुलाब्यात आहे. टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन हा १४ दशलक्ष व्होल्टचा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, चालतो, बीएआरसी आणि टीआयएफआर दोघांचा मिळून. त्यातून जड आयन लक्ष्यावर आदळवले की दोन केंद्रकं एक होऊन गरगरत राहतात. आधी काही न्यूट्रॉन उडून जातात, मग केंद्रक एकेक गॅमा सोडत पायरीपायरीने मंदावतं. गोल वस्तू फिरली की थांबली हे क्वांटम जगात ओळखूच येत नाही, लांबट असेल तरच फिरण्याच्या पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांच्या अंतरावरून लांबी-रुंदी काढतात.

आणि कडा? तीही नेहमी नीटस नसते. लिथियम-११ मध्ये शेवटचे दोन न्यूट्रॉन इतके सैल असतात, की ते केंद्रकाच्या बाहेर दूरवर धूसर पसरलेले असतात.

अणुभट्टीत न्यूट्रॉन ‘मंद’ का करतात? वेगवान असलेला बरा ना?

उलट आहे. मंद न्यूट्रॉन युरेनियम-२३५ मध्ये शोषला जाण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते. विखंडनातून, म्हणजे युरेनियमचं केंद्रक फुटताना, निघालेला न्यूट्रॉन साधारण २ एमईव्हीचा, तो ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आणायचा. पुन्हा कॅरम आठवा: सारख्या वजनाशी टक्कर झाली तर वेग झटकन उतरतो, जडाशी झाली तर उतरत नाही. हायड्रोजनशी सरासरी १८ टकरा पुरतात, ड्युटेरियमशी २५, कार्बनशी मात्र ११५ च्या आसपास.

तर मग साधं पाणीच सर्वोत्तम? नाही, कारण हायड्रोजन न्यूट्रॉनला मंद करता करता मध्येच गिळून ड्युटेरियम होतो. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ फक्त ०.७२ टक्के, तिथे एवढी गळती परवडत नाही. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’, ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली, साध्या पाण्याच्या तलावात होती, म्हणून तिला ब्रिटनमधून समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम आणावं लागलं. १९६० ची ‘सायरस’ आणि १९८५ ची ‘ध्रुव’ नैसर्गिक युरेनियमवर चालल्या, कारण तिथे जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी, होतं.

युरेनियम-२३८ मंद न्यूट्रॉनने का फुटत नाही?

हिशेब. २३५ मध्ये न्यूट्रॉन शिरला की त्याला आतला एकटा न्यूट्रॉन जोडीला मिळतो, आणि जोडी जमल्याने सुमारे ६.५ एमईव्ही सुटतात. फुटायला साधारण सहा लागतात. झालं काम. २३८ मध्ये सगळे आधीच जोडीने असतात, नव्या न्यूट्रॉनला जोडीदार नाही, सुटतात फक्त ४.८. उरलेली ऊर्जा न्यूट्रॉनने बरोबर आणायला हवी, म्हणजे तो वेगवानच हवा.

साखळी प्रक्रिया एवढी झपाट्याने होते, तर माणूस तिच्यावर ताबा कसा ठेवतो?

निव्वळ गणित पाहिलं तर ठेवता येऊ नये. न्यूट्रॉनची एक पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपते असं धरा. प्रत्येक पिढीत फक्त ०.१ टक्का वाढ झाली, तरी एका सेकंदात शक्ती सुमारे २२ हजार पट होईल. न्यूट्रॉन गिळणारी कुठली नियंत्रक कांडी एवढ्यात खाली येणार?

वाचवतात ते उशिराचे न्यूट्रॉन. युरेनियम-२३५ च्या विखंडनात सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन लगेच न येता काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने येतात. उदाहरण घ्या ब्रोमिन-८७ चं. विखंडनातून हा तुकडा निघतो, ५५ सेकंदांच्या अर्धायुकालाने (एवढ्या वेळात निम्मी केंद्रकं संपतात) बीटा ऱ्हास होऊन क्रिप्टॉन-८७ होतो. क्रिप्टॉनमध्ये ३६ प्रोटॉन, म्हणजे ५१ न्यूट्रॉन. पन्नासाला कवच भरलेलं, एकावन्नावा बाहेर लोंबकळतोय, त्याला सोडवायला साडेपाच एमईव्ही पुरतात. ऱ्हासात सुमारे ६.८ सुटतात, त्यामुळे कधीकधी तो निसटतो. हे उशिराचे न्यूट्रॉन हिशेबात धरले की तीच ०.१ टक्क्याची वाढ सेकंदाला एक-दोन टक्क्यांवर येते आणि कांड्यांना वेळ मिळतो. जादुई संख्या ही कागदावरची मौज आहे असं कुणी म्हटलं, तर मी हेच उदाहरण देतो.

ध्रुव मुंबईला वीज देते का?

नाही. ती संशोधनाची भट्टी आहे. तिची १०० मेगावॉट उष्णता वीज न करता सोडून दिली जाते. तिथून समस्थानिकं मिळतात आणि न्यूट्रॉनचे झोत पदार्थांच्या, विशेषतः चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासाला वापरतात. विजेची अणुभट्टी पाहिजे तर पालघर जिल्ह्यातलं तारापूर, १९६९ पासूनचं.

अमेरिकेला पाठवायचा हापूस किरणांतून काढतात. तो किरणोत्सारी होतो का?

दर उन्हाळ्यात येणारा प्रश्न. होत नाही. आंब्यावर पडतात ते बहुतेक ठिकाणी कोबाल्ट-६० चे गॅमा, ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही. स्थिर केंद्रक किरणोत्सारी करायला साधारणपणे त्यातून एखादा कण काढावा लागतो. कार्बन-१२ मधून न्यूट्रॉन काढायला १८.७ एमईव्ही लागतात, ऑक्सिजन-१६ मधून १५.७. पाण्यात अत्यल्प असणारं ड्युटेरियम यांत सगळ्यांत सैल, त्यालाही २.२२ लागतात. १.३३ मध्ये यांतलं काहीच परवडत नाही. कोयीतल्या किड्याची पेशी मात्र याच गॅमाने निकामी होते, कारण रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्टच पुरतात. लासलगावच्या कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून करतात तेही याच तत्त्वावर.

वस्तू किरणोत्सारी करण्यात खरा पटाईत न्यूट्रॉनच. प्रभार नाही, त्यामुळे त्याला कुठलंच केंद्रक अडवत नाही. कोबाल्ट-६० तयारही असाच होतो: साधा कोबाल्ट-५९ भट्टीत ठेवायचा, तो न्यूट्रॉन गिळतो.

आमच्या घरात न्यूट्रॉन आहेत का?

सुटे? हो, थोडेसे. पण ते आकाशातून येतात, ट्रॉम्बे असो वा महाबळेश्वर. वैश्विक किरण हवेच्या केंद्रकांवर आदळून न्यूट्रॉन उडवतात, उंचीवर जास्त, समुद्रसपाटीला कमी. त्यांतले पुष्कळसे नायट्रोजनमध्ये शिरून कार्बन-१४ बनवतात, ज्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षं. १९६० च्या दशकात टीआयएफआरमध्ये याच कार्बनवरून कालमापन व्हायचं, कालीबंगनसारख्या हडप्पा स्थळांच्या नमुन्यांचंही. भट्टीतल्या न्यूट्रॉनला अडवायला पाणी आणि जाड काँक्रीट वापरतात, कारण दोन्हींत हायड्रोजन असतो. शिशाची भिंत त्यासाठी कुचकामी. का ते कॅरमवाला सांगेल.

न्यूट्रॉन नेमका किती जगतो?

इथे पुस्तकात एकच आकडा असतो, प्रयोगशाळांत दोन आहेत. पहिली पद्धत: सेकंदाला काही मीटर एवढेच वेग असलेले अतिशीत न्यूट्रॉन चुंबकीय सापळ्यात कोंडायचे आणि ठरावीक वेळाने किती उरले ते मोजायचं. अमेरिकेत लॉस अलामोसला २०२१ मध्ये असं उत्तर आलं ८७७.७५ सेकंद. दुसरी पद्धत: न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि वाटेत किती प्रोटॉन तयार झाले ते मोजायचं. २०१३ मध्ये अमेरिकेतच हे उत्तर आलं ८८७.७. दोन्हींच्या चुकांच्या मर्यादा या दहा सेकंदांपेक्षा बऱ्याच लहान. कुठल्यातरी मोजणीत न दिसलेली गळती आहे, असं बहुतेकांना वाटतं. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम बनला याचं गणित याच आकड्यावर उभं आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक अजून मोजताहेत. परीक्षेत ‘सुमारे १५ मिनिटं’ लिहा, मार्क मिळतील.